उडण्याआधी विकली गेलेली विमानं

प्रवासी विमानाचं साठ वर्षांपूर्वीचं प्लास्टिक किट हाती आलं, की जाणता मॉडेलकार गोंदाआधी पट्टी काढतो. खऱ्या विमानाची लांबी कागदावर मांडायची, तिला १४४ ने भागायचं आणि धडाचे दोन अर्धे एकमेकांवर धरून ताडून बघायचं. नाक जरा बोथट आहे, शेपटाकडे दोन मिलिमीटर कमी पडतात, इंजिनं भलत्याच मालिकेची आहेत, पत्र्याच्या जोडांच्या रेषा खोलगट हव्या होत्या त्या उठावाच्या आहेत. या झाडतीनंतरचा निकाल ठरलेला असतो: किट चुकीचं आहे. ते पुट्टी आणि पॉलिश पेपरने सुधारावं, किंवा डबा फडताळात ठेवून बांधायला नवं, अचूक किट घ्यावं. छंद म्हणून यात गैर काही नाही. पण याच किटांकडे इतिहासाचं साधन म्हणून बघायचं, तर ही पट्टी फार लवकर बाहेर येते. साधारण १९५० ते १९८० या तीस वर्षांतली प्रवासी विमानांची किटं विमानाइतकीच, किंबहुना विमानापेक्षा जास्त, विमान कंपनीने आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या देशाने लोकांना दिलेल्या वचनाची नक्कल करतात, असं माझं म्हणणं आहे. त्यांतल्या बऱ्याच चुका या त्या वचनाच्या खुणा आहेत. त्या घासून टाकल्या, तर किटमध्ये वाचण्याजोगं जे होतं तेच घासलं जातं.

या धंद्याचं जाहिरातीशी नातं किती जुनं आहे, ते एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या सुरुवातीवरून दिसतं. हंगेरीतून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये लंडनला ही कंपनी काढली, तेव्हा ती हवा भरलेली रबरी खेळणी बनवत होती; नावातली हवा तिथून आली, विमानांशी तिचा संबंध नव्हता. युद्धानंतर कंपनीने प्लास्टिक ओतायचं इंजेक्शन मोल्डिंग मशीन घेतलं आणि त्यावर कंगवे काढले. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीला आपल्या विक्रेत्यांच्या हातात देण्यासाठी ट्रॅक्टरचा छोटा नमुना हवा होता. तो एअरफिक्सने करून दिला. पण असा नमुना जोडून देणं म्हणजे माणसांचा वेळ आणि मजुरी आलीच, आणि तयार नमुना हाताळताना मोडायचा. पुढे त्याचेच सुटे भाग किट म्हणून विकायला काढले गेले. १९५२ मध्ये वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचं किट पिशवीत घालून विकलं गेलं आणि धंदा खरा उभा राहिला. ट्रॅक्टर मात्र त्याच्या आधीचा. ज्या कंपनीच्या नावाने पुढे दोन-तीन पिढ्यांनी प्लास्टिकची विमानं जोडली, तिची या प्रकारातली पहिली वस्तू म्हणजे फिरत्या विक्रेत्याच्या बॅगेतला माल होता.

यावर कोणी म्हणेल की ट्रॅक्टर हा योगायोग. पाठोपाठ १९५३ मध्ये आलेलं स्पिटफायर कोणाची जाहिरात करत होतं? आक्षेप रास्त आहे, आणि लढाऊ विमानांपुरता मला मान्यच आहे. स्पिटफायरचं किट घेणारा मुलगा मोठेपणी स्पिटफायरचं तिकीट काढणार नव्हता. त्या किटात आठवण विकली जात होती, वडलांच्या आणि काकांच्या युद्धाची. प्रवासी विमानाची गोष्ट निराळी. त्याच्या शेपटीवर चालू कंपनीचं चिन्ह असतं, धडावर तिचं नाव असतं, आणि ती कंपनी त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात तिकिटांची जाहिरात देत असते. दोन्ही डबे दुकानात एकाच फळीवर, एकाच प्लास्टिकचे, एकाच ट्यूबमधल्या गोंदाने जोडायचे; म्हणून त्यांना एकाच मापाने मोजायची सवय लागली. प्रवासी विमानांवर अन्याय होतो तो इथे.

मापाचा प्रश्नही याच भेदातून आलेला आहे. १:७२ हे प्रमाण १९३२ च्या सुमारास ‘स्कायबर्ड्‌स’ या लाकडी किटांनी रूढ केलं. सहा फुटांचा एक इंच, म्हणजे धिप्पाड वैमानिक बरोब्बर इंचभर उंचीचा. १९३६ मध्ये फ्रॉग या ब्रिटिश नावाखाली ‘पेंग्विन’ मालिका आली. ती या प्रकारातली पहिली प्लास्टिक किटं समजली जातात, आणि तीही १:७२ चीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत शाळकरी मुलांकडून शत्रूची आणि मित्राची विमानं ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी लाकडी नमुने तासून घेतले, तेही याच प्रमाणात. लढाऊ विमानाला असं युद्धाने घर मिळवून दिलं. प्रवासी विमान त्या घरात मावत नव्हतं. ४६ मीटरहून लांब बोइंग ७०७ या प्रमाणात ६५ सेंटिमीटरचं होतं, एवढा डबा दुकानदार ठेवणार कुठे आणि त्याची किंमत मुलाच्या खिशाला परवडणार कशी? अमेरिकेत रेव्हेल आणि तिच्यासारख्या कंपन्यांनी १९५० च्या दशकात सरळ उलटा रस्ता धरला. डब्याचं माप आधी ठरवायचं आणि विमान त्यात बसेल एवढं करायचं. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असतात आणि पायथ्याचा मावळा तटाला हात लावू शकतो, तसा हा प्रकार. प्रत्येक विमानाचं प्रमाण वेगळं, शेजारी-शेजारी ठेवली तर कोण मोठं कोण लहान काही कळू नये. फ्रॉगने आपली कॉमेट, व्हायकाउंट आणि ब्रिटानिया १:९६ मध्ये काढली. एअरफिक्सने १:७२ चं निम्मं केलं आणि १:१४४ धरलं, तेव्हा ७०७ सुमारे ३२ सेंटिमीटरचं झालं. हे प्रमाण पुढे टिकलं, याचं कारण त्यात एकाच फळीवर कॉमेट, कॅरावेल, ट्रायडंट, व्हीसी-१० आणि ७०७ ओळीने लावता येत होती. म्हणजे विमानतळाचा फलाट घरी मांडता येत होता. लढाऊ विमान एकेकटं बघायची वस्तू आहे, प्रवासी विमान ताफ्याने, हे दुकानदारीच्या डोक्याला आधी उमगलं.

आता मुख्य पुरावा. ३१ डिसेंबर १९६६ ला अमेरिकन सरकारने स्वनातीत प्रवासी विमान बनवायला बोइंगची निवड केली. बोइंग २७०७ असं नाव दिलेल्या या विमानाचे पंख उड्डाणात मागे-पुढे होणार होते. ते यंत्र भयंकर जड ठरलं आणि १९६८ मध्ये बोइंगने ते सोडून साधा त्रिकोणी पंख घेतला. मार्च १९७१ मध्ये सिनेटने पैसा थांबवला आणि विमान लाकडी नमुन्याच्या पुढे गेलंच नाही. पण रेव्हेलने त्याचं १:२०० प्रमाणातलं किट काढून विकलंही होतं, आणि त्यात पंख मागे-पुढे होत होते. या किटाला पट्टी लावून बघा. कशाशी ताडणार? मूळ वस्तू जन्मलीच नाही, म्हणून ‘अचूक’ हा शब्दच तिथे लागू पडत नाही. उलट, १९६६-६७ साली अमेरिकेत उद्याच्या प्रवासाचं चित्र नेमकं कसं होतं, हे कळायला त्या प्लास्टिकच्या पंखाइतकं ठोस साधन क्वचितच मिळेल, कारण बोइंगने स्वतःच ते चित्र पुढे रद्द केलं. कॉनकॉर्डचंही थोड्याफार फरकाने हेच. ब्रिटन आणि फ्रान्सचा करार नोव्हेंबर १९६२ चा, पहिलं उड्डाण २ मार्च १९६९ चं, प्रवासी सेवा २१ जानेवारी १९७६ ची. मधल्या काळात १:१४४ चं कॉनकॉर्ड दुकानांत होतं, आणि ते पहिल्या नमुना-विमानाचं, म्हणजे नंतरच्यापेक्षा आखूड आणि काचेपुढे धातूचं झाकण असलेलं. प्रवासी सेवेत आलेल्या कॉनकॉर्डला ते झाकण काचेचं झालं, कारण वैमानिकाला पुढचं नीट दिसत नाही, हा आक्षेप अमेरिकन अधिकाऱ्यांनी धरून ठेवला होता. आजचा मॉडेलकार हे नाक ‘सुधारतो’. सुधारण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की १९६० च्या दशकात सोळा विमान कंपन्यांनी कॉनकॉर्ड राखून ठेवली ती असल्याच नाकाची चित्रं बघून. त्यांत दोन विमानांसाठी नाव नोंदवणारी, तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेली एअर इंडियाही होती. १९७३ च्या जानेवारीत पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपन्यांनी अंग काढून घेतलं, बाकीचे पाठोपाठ गेले, आणि प्रवासी सेवेसाठी अखेर १४ विमानं उरली, तीही फक्त ब्रिटिश आणि फ्रेंच कंपन्यांकडे. झाकणवाल्या नाकाचं किट हे त्या सोळा नावांच्या काळाचं आहे. काचेच्या नाकाचं किट दोन नावांच्या काळाचं.

इथे एक व्यवहारी आक्षेप येतो. किटवाल्याला वचनाबिचनाशी काय देणंघेणं? नवं विमान गाजतंय तोवर डबा दुकानात पोचला पाहिजे, एवढंच त्याला कळतं. घाईत जे नकाशे मिळाले ते वापरले. पण उड्डाणच न झालेल्या विमानाचे नकाशे आणि चित्रं येतात कुठून? बांधणाऱ्या कारखान्याकडून किंवा विकत घेणाऱ्या कंपनीकडून, तिसरा मार्ग नाही. कारखान्याला फुकट प्रसिद्धी, किटवाल्याला फुकट नकाशा, असा तो सौदा होता आणि दोघांचाही त्यात फायदा होता. किटवाल्याचा हेतू निव्वळ गल्ल्याचा होता हे मान्य केलं, तरी साच्यात कोरलं गेलं ते कारखान्याचंच बोलणं. जाहिरात छापणाऱ्या मुद्रकाचा हेतू कागद-शाईचे पैसे मिळवण्याचा असतो, म्हणून जाहिरात त्याची होत नाही.

दुसरा आक्षेप पूर्वेकडून घेता येतो. बाजार आणि जाहिरात ही भांडवली देशांची भानगड. मग पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनीत, त्शोपाउ गावच्या सरकारी कारखान्यात १:१०० प्रमाणात तुपोलेव्ह, इल्युशिन आणि अँतोनोव्ह का निघत होती? पुढे प्लास्टिकार्ट नावाने ओळखल्या गेलेल्या या किटांवर इंटरफ्लुग आणि एरोफ्लोट या सरकारी विमान कंपन्यांची नावं असायची. तिथे तिकीट विकायला दुसरी कंपनीच नव्हती, मग स्पर्धा कोणाशी? मला हा आक्षेप माझ्या म्हणण्याला उलट बळकटी देणारा वाटतो. वचन देणारा तिथे थेट देश होता. या मालिकेत स्वनातीत तुपोलेव्ह-१४४ आहे, ३१ डिसेंबर १९६८ ला, कॉनकॉर्डच्या दोन महिने आधी, हवेत झेपावलेलं. दोन महिन्यांच्या या आघाडीला मॉस्कोत जी किंमत होती, तिचाच छोटा शिक्का या डब्यावर आहे. खऱ्या तुपोलेव्ह-१४४ ने प्रवासी नेले ते जेमतेम सात महिने, नोव्हेंबर १९७७ ते जून १९७८. किट त्याआधी आणि त्यानंतरही मुलांच्या हातात होतं.

माझ्या मांडणीला खरा धक्का देतं ते हँडली पेज एचपी-४२ चं किट. एअरफिक्सने १९६० च्या दशकात १:१४४ मध्ये काढलेलं हे दुहेरी पंखांचं, चार इंजिनांचं, ताशी जेमतेम शंभर मैलांनी चालणारं इम्पीरियल एअरवेजचं विमान. एकूण आठ बांधली गेली आणि १९४० च्या अखेरीस एकही उरलं नव्हतं. मेलेल्या विमानाची जाहिरात कोण करतं? त्यातली चार विमानं पूर्वेच्या मार्गासाठी होती आणि ती कैरोहून कराचीपर्यंत येत. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. इम्पीरियल एअरवेजने कराचीला आणून टाकलेली टपाल पुढे नेण्याचं काम टाटांनी घेतलं आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा छोटं पुस मॉथ घेऊन कराचीहून जुहूला उतरले. भारतीय नागरी विमानसेवेची नाळ या अवजड दुहेरी पंखांच्या मार्गाला अशी जोडलेली आहे. पण किट निघालं ते त्यासाठी नाही. इम्पीरियल एअरवेजचा वारसा १९४० मध्ये बीओएसीकडे गेला, आणि १९६० च्या दशकात बीओएसीला अमेरिकन विमानं विकत घ्यावी लागत असताना, ‘पूर्वेचा मार्ग आम्हीच आखला’ हे ब्रिटिश वाचकाला आणि मुलाला सांगणं कोणालाच नकोसं नव्हतं. वचन भविष्याचं असतं तसं वंशावळीचंही असतं. तरी मी इथे एवढंच म्हणेन की एचपी-४२ च्या किटात जाहिरात पातळ आहे आणि आठवण दाट. स्पिटफायरच्या ते जास्त जवळचं आहे. नियमाला एक अपवाद असेल तर तो असू द्यावा.

चुका निव्वळ हलगर्जीच्याही असतात, आणि त्यांना अर्थ चिकटवत बसणं हा दुसऱ्या टोकाचा वेडेपणा. म्हणून साचा कसा बनायचा ते माहीत हवं. आधी लाकडाचा किंवा तशाच सामग्रीचा मोठा नमुना करायचा, त्यावरून पँटोग्राफने लहान करत पोलादात कोरायचं. पोलादात खाच पाडणं सोपं, आणि साच्यातली खाच म्हणजे प्लास्टिकवरचा उंचवटा. म्हणून जुन्या किटांवर पत्र्याचे जोड आणि रिव्हेट उठावाचे आहेत. यात वचन नाही, हत्यार आहे. पंखाच्या कडेला सुटलेली प्लास्टिकची पापुद्र्यासारखी झालर, जिला आपल्याकडचे मोल्डिंगवाले फ्लॅश म्हणतात, ती साच्याच्या दोन अर्ध्यांत फट पडल्याची खूण. नवीन डब्यात ती कमी आणि वीस वर्षांनंतरच्या डब्यात जास्त दिसेल. जाड भागावर पडलेला खळगा हा प्लास्टिक थंड होताना आकसल्याचा. ही सगळी दुरुस्तीच्या लायकीची चूक. जी चूक साच्यामुळे नव्हे तर नकाशामुळे झाली, तीच वाचायची. फरक ओळखायचा साधा मार्ग असा की साच्याची चूक ओतीव मालात कुठेही, कंगव्यातसुद्धा, सापडते. नकाशाची चूक त्या एकाच विमानात सापडते आणि तिला तारीख असते.

ही कसोटी ७०७ ला लावून बघू. एअरफिक्सने हे अमेरिकन विमान काढलं ते बीओएसीच्या रंगात, रोल्स-रॉइस कॉनवे इंजिनांसह. खऱ्या जगात ही ४२० मालिका तुरळक, सगळी मिळून ३७ विमानं. बाकी जगातल्या बहुतेक ७०७ ना प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं होती. पंखाखालचं नळकांडं हातात धरून पाहिलं की फरक दिसतो. प्रॅट अँड व्हिटनीच्या पंखायुक्त इंजिनाला पुढच्या बाजूला रुंद गळपट्टा असतो आणि मागे एकदम पायरी उतरून नळी बारीक होते. कॉनवे पुढून मागपर्यंत एकसलग आणि शेवटी पाकळ्या पाडलेल्या धुराड्याचं. तीन सेंटिमीटरच्या तुकड्यातही हे लपत नाही. शेपटीचीही कथा आहे. ब्रिटनच्या हवाई नोंदणी मंडळाचे चाचणी वैमानिक डी. पी. डेव्हिस यांनी हे विमान दिशा धरण्यात कमी पडतं म्हणून प्रमाणपत्र अडवून ठेवलं, तेव्हा बोइंगने उभी शेपटी उंच केली आणि पोटाखाली लहान पर जोडला. अमेरिकेत प्रवासी वाहू लागलेल्या विमानाला ब्रिटिश नोंदणी मंडळाने शेपटी बदलायला लावली, आणि ती सुधारणा नंतर इतरांनीही घेतली. म्हणजे पॅन अ‍ॅमचं ७०७ करायला निघालेल्या मॉडेलकाराला हे किट ‘चुकीच्या इंजिनांचं’ वाटतं, पण त्या चुकीला तारीखही आहे आणि मालकही: बीओएसी, १९६०. मराठी वाचकाच्या दृष्टीने गंमत पुढे आहे. एअर इंडियानेही १९६० मध्ये घेतलेली पहिली ७०७ कॉनवेचीच होती, ४३७ म्हणून. हिमालयाच्या शिखरांची नावं दिलेली. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर आदळलेलं, होमी भाभा ज्यात होते ते ‘कांचनजंगा’ त्यांतलंच. ते विमान १:१४४ मध्ये करायचं असेल तर कितीतरी अचूक म्हणवणाऱ्या नव्या किटांपेक्षा हे जुनं ‘चुकीचं’ ब्रिटिश किटच मुळाजवळ जाईल. लंडनच्या आणि मुंबईच्या कंपन्यांनी एकाच काळात एकच इंजिन का निवडलं, याचं उत्तर राष्ट्रकुलाच्या व्यापारात शोधायला हवं. किटाने निदान प्रश्न तरी हातात ठेवला.

व्हीसी-१० चं उदाहरण मी थोडक्यात आवरतो. खरी विमानं ५४. प्लास्टिकची त्याच्या किती पट निघाली असतील याचा हिशेब नको, पण खऱ्यांच्या कितीतरी पट हे उघड आहे. एअरफिक्सची फळी पाहून जगातल्या आकाशाचा अंदाज बांधणारा मुलगा व्हीसी-१० आणि ट्रायडंट यांनी आकाश भरलंय असं समजला असता. १९७४ मध्ये बीओएसी आणि बीईए मिळून ब्रिटिश एअरवेज झाली, तसे त्याच साच्यातून निघालेल्या विमानांच्या डब्यांवरचे रंग बदलले. प्लास्टिक तेच, डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि अक्षरं, नवे.

खिडक्यांबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण जुन्या आणि नव्या मॉडेलकारांची खरी फारकत तिथे होते. त्या काळच्या बऱ्याच किटांत धडाला खिडक्यांची खरी भोकं असत आणि आतून पारदर्शक पट्टी चिकटवावी लागे. १:१४४ मध्ये जेट विमानाची खिडकी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची होते. पोलादी साच्यात तशा शंभरेक खुंट्या उभ्या करणं कटकटीचं काम आहे आणि गोंदाचा एक थेंब सरकला की अख्खी रांग धुरकट होते. आजची कित्येक किटं धड कोरं ठेवून खिडक्या डेकलवर छापतात, आणि जुनं किट बांधणारे अनेकजण ती भोकं पुट्टीने बुजवून तसंच करतात. दिसायला ते जास्त खरं दिसतं, हेही कबूल. विमानतळावर लांबून खिडकी काळसर ठिपक्यासारखीच दिसते. पण बाहेरून दिसणारं विमान आणि आत बसायची आशा असलेलं विमान या दोन वस्तू आहेत. पोकळ, रिकाम्या, आत एकही खुर्ची नसलेल्या धडाला खिडक्या पाडण्याचा खर्च कंपनीने केला तो मुलगा त्यातून डोळा लावून बघेल म्हणून. लढाऊ विमानात वैमानिक बसवलेला असतो, इथे बसणारा ठरायचा आहे. एअर इंडियाने हाच धागा १९७१ मध्ये उलट्या बाजूने पकडला. ७४७ आलं तेव्हा प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोक्याची महिरप रंगवली, म्हणजे खिडकी हीच जाहिरातीची जागा केली. १:१४४ मध्ये ती महिरप हाताने काढायची तर केसाएवढा कुंचला आणि एका श्वासात एक कमान. बहुतेकजण डेकलचाच आधार घेतात.

शेवटचा वाद संग्राहकांचा. ते म्हणतात, पुरावा एवढा मोलाचा असेल तर बांधता कशाला? डबा बंद ठेवा. गोंद लागला की पुरावा गेला. यात तथ्य आहे, पण अर्धंच. बंद डब्यातून झाकणावरचं चित्र, किंमत, सूचनापत्र आणि डेकल मिळतात. सूचनापत्र तर फार बोलकं असतं. जुन्या पत्रकांत प्रत्येक भागाचं नाव वाक्यात गुंफून सांगितलेलं असे, पुढे माल अनेक भाषांच्या देशांत जाऊ लागला तशी वाक्यं गेली आणि बाण-आकडे राहिले. पण धडाचे अर्धे एकमेकांवर कसे बसतात, मागे इंजिनं असलेलं ट्रायडंट शेपटीवर बसू नये म्हणून नाकात किती वजन भरावं लागतं, शाळकरी हाताला हे एका दुपारी जमण्याजोगं होतं की नाही, हे बांधल्याशिवाय कळत नाही. आणि जे मुलांसाठी केलं गेलं त्याच्याबद्दल हा प्रश्न किरकोळ नाही. साचे कायम राहत नाहीत, हेही संग्राहकांनी विसरू नये. १९७० च्या दशकात फ्रॉग बुडाली तेव्हा तिचे साचे सोव्हिएत संघात गेले आणि तिथून नोव्हो नावाने किटं निघू लागली. पण जर्मन, जपानी आणि इटालियन युद्धविमानांचे साचे सोव्हिएतांनी नाकारले, ते रेव्हेलकडे गेले. एअरफिक्स १९८१ च्या जानेवारीत कोसळली, मग साचे एका अमेरिकन उद्योगसमूहाच्या हाताखाली फ्रान्सला, १९८६ मध्ये हम्ब्रोलकडे, २००६ मध्ये हॉर्नबीकडे. प्रत्येक हस्तांतरात काही साचे गंजतात, काही घासून नव्या मालिकेचे केले जातात, आणि एकदा पोलाद घासलं की आधीचा आकार फक्त आधी ओतलेल्या प्लास्टिकमध्ये उरतो.

म्हणून माझा कल असा. ज्याचं पुनर्मुद्रण आजही मिळतं, ते खुशाल बांधावं आणि जुळणी त्यावरच तपासावी. साचा बदलण्याआधीचा डबा हाती आला आणि तो बांधायचाच ठरला, तर रनरवरून, म्हणजे भागांना धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, भाग तोडण्याआधी सगळ्या चौकटींचे फोटो घ्यावेत, गोंद न लावता कोरी जुळणी करून मापं लिहून ठेवावीत. डेकल पिवळे पडले असतील तर ते पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवावेत, काही दिवसांच्या उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात टाकण्याआधी एक नको असलेलं अक्षर भिजवून बघावं, तुकडे पडले तर उरलेल्या पानावर पारदर्शक वार्निशचा हात द्यावा. डब्यावर ज्या कंपनीचे रंग असतील तेच द्यावेत. नाकाला पुट्टी लावायचीच असेल, तर ती ही नोंद झाल्यावर लावावी.